विलायतेतली थंडी आणि शेतकऱ्याघरचे सण

इंग्लंडचा हिवाळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ उभे राहते. नाताळच्या भेटकार्डांवर तसेच चित्र असते ना! प्रत्यक्षात दक्षिण आणि मध्य इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवशी बर्फ पडणे ही अपूर्वाईची गोष्ट आहे. पडतो तो पाऊस. अटलांटिक महासागरावरून येणारे ओलसर वारे आणि समुद्रातला उबदार प्रवाह यांमुळे त्या देशाला अक्षांशाच्या मानाने थंडी कमी लागते. खरा जाच आहे तो अंधाराचा. हेरफर्ड हे शहर साधारण ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१ डिसेंबरच्या सुमारास सकाळी सव्वाआठला सूर्य उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. म्हणजे पावणेआठ तासांचा दिवस! आपल्या लातूरकडे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा अकरा तास उजेड असतो. चहाची वेळ होते न होते तोच दिवे लावायचे, हे आमच्या सौ.ला शेवटपर्यंत पटले नाही.

आमची मुलगी हेरफर्डजवळ एका रुग्णालयात परिचारिका आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर अर्जित रजा काढून आम्ही उभयता तिच्याकडे गेलो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहिलो. मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात ज्या खेड्यात राहतात, तेथे त्यांच्या घरामागेच एका शेतकऱ्याचे शिवार आहे. साठ एकर गवत, चाळीस गाई आणि आठ एकर सफरचंदाची बाग. म्हातारबाबा सत्तरी ओलांडलेले, त्यांची बायको जवळपास तेवढीच, आणि एक मुलगा. साठ-सत्तर एकरांवर एवढीच तीन माणसे. गडी नाही, सालदार नाही. मी तीस वर्षे पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून बांधावर फिरलो आहे. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच माझे पाय त्यांच्या गोठ्याकडे वळले. त्या घराबरोबर आणि आमच्या घराबरोबर जे सणवार आणि ज्या सहली झाल्या, त्यांची ही हकीकत आहे.

आधी शेतीची स्थिती सांगितली पाहिजे, नाहीतर सणांचे मोल कळणार नाही. तेथे जमिनीचे तापमान पाच-सहा अंशांच्या खाली गेले की गवताची वाढ थांबते. शिवाय ओल्या जमिनीत जनावरांच्या खुरांनी चिखल होऊन कुरण खराब होते. म्हणून नोव्हेंबरपासून जवळजवळ एप्रिलपर्यंत गाई गोठ्यात ठेवतात आणि उन्हाळ्यात केलेल्या मुरघासावर जगवितात. म्हातारबाबांच्या गाई हेरफर्ड जातीच्या, तांबड्या अंगाच्या आणि पांढऱ्या तोंडाच्या. ही जात याच जिल्ह्यातली, पण आज जगभर पसरली आहे. मांसासाठी पाळतात, त्यामुळे दूध काढायचे काम नाही. पण वैरण, शेण, गव्हाच्या काडाचे अंथरूण आणि विणाऱ्या गाईची राखण यांना रविवार नाही की सण नाही.

त्यात तो हिवाळा विशेष वाईट होता. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींत सर्वांत जास्त पावसाचे ठरले. ऑक्टोबरमध्ये बाबेट नावाचे वादळ, जानेवारीच्या २ तारखेला हेंक. आपल्याकडे रब्बीचा गहू जसा पेरतात तसा तेथे शरद ऋतूत गहू पेरून ठेवतात आणि तो हिवाळाभर हिरवा उभा असतो. पण त्या वर्षी कित्येक शेतांना वापसाच आला नाही. जेथे पेरले तेथे बी कुजले. वाटेने जाताना पाण्यात उभी शेते पाहून मला आपल्याकडचे अतिवृष्टीचे पंचनामे आठवत.

अशा दिवसांत हे लोक घरात दडून बसत असतील असे मला वाटले होते. तसे नाही. पावसाचे बूट चढवून लहानथोर सगळे बाहेर पडतात. नोव्हेंबरच्या ५ तारखेला गावच्या मैदानात मोठी होळी पेटली. १६०५ साली राजा आणि पार्लमेंट दारूने उडवून देण्याचा कट त्या दिवशी उघडकीस आला, त्याची ही आठवण. कटातल्या गाय फॉक्स याचा कापडी पुतळा जाळतात, फटाके उडवितात, निखाऱ्यात भाजलेले बटाटे खातात. होळी पेटविण्याआधी लाकडांच्या ढिगात साळू दडून बसला नाही ना, हे पाहण्याची पद्धत मला फार आवडली. हा साळू म्हणजे काट्यांचा छोटा, मुठीएवढा गोळा होऊन बसणारा प्राणी. तो थंडीत झोपायला नेमका असाच ढीग शोधतो. म्हातारबाबा मात्र होळीला आले नाहीत. फटाक्यांनी जनावरे बुजतात म्हणून ते गोठ्यात बसून राहिले.

बांडगुळाचा लिलाव

आता जे सांगतो ते वाचून माझे कृषी खात्यातले सहकारी हसतील. आपण शेतकरी मेळाव्यात कंठशोष करून सांगतो की, आंब्यावर बांडगूळ दिसले की त्याला फळे धरण्याआधी फांदीसकट कापून टाका. तेथे त्याच बांडगुळाचा लिलाव होतो आणि लोक मुलाबाळांना घेऊन तो पाहायला जातात!

हेरफर्डच्या उत्तरेला टेनबरी वेल्स नावाचे लहानसे गाव आहे. शंभराहून अधिक वर्षे येथे नाताळच्या आधी बांडगुळाचा बाजार भरतो. तेथले बांडगूळ आपल्याकडच्या आंब्यावरचे नव्हे, जात वेगळी. त्याला मिसलटो म्हणतात. पाने फिकट हिरवी, जोडीने येणारी, आणि फळे मोत्यासारखी पांढरी. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, फळे मादीलाच येतात, त्यामुळे भावही तिलाच. पक्षी फळ खातो, चिकट बी चोचीला लागते, ते तो फांदीवर पुसतो आणि तेथेच नवे बांडगूळ रुजते. जुन्या सफरचंदाच्या झाडांवर ते इतके माजते की पानगळीनंतर झाडावर हिरवे चेंडू टांगल्यासारखे दिसतात.

नोव्हेंबरअखेरच्या एका सकाळी म्हातारबाबांच्या मुलाच्या गाडीत मागे वीस-पंचवीस जुड्या टाकून आम्ही सगळे निघालो. मैदानात ओळीने जुड्या मांडलेल्या. एकीकडे बांडगूळ, दुसरीकडे होली नावाच्या काटेरी पानांच्या आणि लाल फळांच्या झाडाच्या फांद्या. लिलाव पुकारणारा माणूस ओळीतून चालत जातो, त्याच्या मागे घोळका. आपल्या मोंढ्यात चालते तसेच, फक्त आरडाओरड कमी. दूरदूरचे फुलविक्रेते आलेले. फळांनी लगडलेल्या जुड्यांना चांगला भाव मिळाला. म्हातारबाबा तोंड वाकडे करून म्हणाले, “सफरचंदाला भाव नाही आणि त्याचे रक्त पिणाऱ्याला आहे!”

हे बांडगूळ घेऊन करतात काय? दारावर टांगतात आणि त्याच्याखाली कोणी भेटले तर मुका घ्यायचा असा रिवाज आहे. आमच्या जावयाने एक जुडी आणून बैठकीच्या दाराला लावली. सौ. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ये-जा करू लागली. नात हसून हसून बेजार.

नाताळ आणि टर्कीची पायी वारी

नाताळची तयारी महिनाभर आधी सुरू होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या रविवारी म्हातारबाईंनी आम्हाला पुडिंग ढवळायला बोलाविले. बेदाणे, मनुका, पिठाचा आणि पावाचा चुरा, गूळसर साखर, मसाले आणि जनावराची चरबी हे सगळे मोठ्या भांड्यात एकत्र करतात. घरातल्या प्रत्येकाने, अगदी तान्ह्या मुलाचा हात धरूनसुद्धा, एकदा पूर्वेकडून पश्चिमेकडे चमचा फिरवायचा आणि मनात एक इच्छा धरायची. चरबी आहे म्हणून सौ. खाणार नव्हती, पण ढवळायला काय हरकत? तिने ढवळले. इच्छा काय धरली हे तिने मला अजून सांगितलेले नाही. मग ते फडक्यात किंवा भांड्यात घालून तासन्‌तास वाफवितात आणि नाताळपर्यंत मुरत ठेवतात. याला प्लम पुडिंग म्हणतात, पण त्यात प्लमचे फळ नसते; जुन्या इंग्रजीत बेदाण्यालाच ते नाव होते. इंग्लंडच्या हवेत वाळवून बेदाणा करण्याजोगे द्राक्ष पिकत नाही, म्हणजे या सणाचा जीव असलेला जिन्नस सगळा परदेशचा! आमचे सांगली-सोलापूरचे द्राक्ष बागायतदार हे वाचत असतील तर त्यांनी नोंद घ्यावी.

झाडाची खरेदी हीसुद्धा एक सहलच. मुले शेतावर जाऊन उभ्या झाडांतून आपले झाड निवडतात आणि शेतकरी ते कापून देतो. नॉर्डमन फर जातीचे झाड माणसाच्या उंचीचे व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. दहा वर्षे निगा राखायची आणि विक्री तीन आठवड्यांत उरकायची. ऊस परवडला म्हणायचा. घरात झाड सजविण्याची ही रीत जर्मनीकडची. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती अल्बर्ट यांच्या झाडाचे चित्र १८४८ साली एका सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि मग ती घराघरांत पोहोचली.

जेवणात टर्की हा मोठा पक्षी असतो. त्याची एक जुनी हकीकत मला फार रंजक वाटली. आगगाड्या नव्हत्या तेव्हा नॉरफोक आणि सफोक या पूर्वेकडच्या भागांतून टर्कीचे आणि हंसांचे कळप चालवीत लंडनच्या बाजारात आणीत. ‘रॉबिन्सन क्रुसो’ लिहिणारा डॅनियल डिफो याने १७२० च्या दशकात याचे वर्णन केले आहे. एकेका कळपात तीनशेपासून हजारपर्यंत पक्षी. हंसांना ऑगस्टमध्ये, कापणी होताच हाकायला सुरुवात करीत, म्हणजे वाटेतल्या मोकळ्या रानात सांडलेले दाणे टिपत ते चालत. ऑक्टोबरअखेर रस्त्यांत चिखल झाला की त्यांच्या पसरट पायांना चालवत नसे, तेव्हा हे थांबे. आपल्याकडे सुगीनंतर धनगरांची मेंढरे रानोरान बसतात, त्याचेच हे भावंड!

२५ डिसेंबरला मुलीची रुग्णालयात पाळी होती. नातीचा चेहरा पडला. पण म्हातारबाईंनी तोड काढली. त्यांच्याकडेही सण सकाळी नसतोच. आधी गाईंना वैरण, मग न्याहारी, मग भेटवस्तू. त्या वर्षी दोन्ही घरांचे मोठे जेवण २६ तारखेला एकत्र करायचे ठरले. त्या दिवसाला तेथे बॉक्सिंग डे म्हणतात. पूर्वी नोकरचाकरांना आणि गावातल्या कामकऱ्यांना या दिवशी पेटीतून बक्षिसी देत, आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखी. जेवायच्या टेबलावर कागदी नळ्या ठेवतात. दोघांनी दोन टोके ओढली की फट्‌कन आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. तो डोक्यावर चढवून सगळे जेवतात. म्हातारबाबा, मी, जावई, सगळे मुकुट घातलेले राजे आणि सौ.ने केलेली वांग्याची भाजी सगळ्यांच्या ताटात. पुडिंगवर ब्रँडी ओतून पेटविली तेव्हा दिवे मालविले होते. निळ्या ज्योतीत नातीचे डोळे केवढे मोठे झाले! तिच्या वाट्याच्या तुकड्यात नाणे निघाले. ते तिच्याच ताटात कसे आले याचा तपास मी केला नाही. जेवण झाल्यावर पाऊस असूनही सगळे दोन मैल चालून आले. बॉक्सिंग डेला चालायला जाणे हा तेथला जवळजवळ धर्मच आहे.

जानेवारीत गावच्या सभागृहात गावकऱ्यांनीच बसविलेले नाटक पाहिले. त्याला पँटोमाइम म्हणतात. एका गरीब शेतकरणीचा मुलगा गाय विकायला जातो आणि पैशांऐवजी मंतरलेल्या घेवड्याचे बी घेऊन येतो, अशी गोष्ट. गाईच्या कातड्यात दोन माणसे, पुढच्या पायांत एक आणि मागच्या पायांत एक. मुलाची आई झाला होता गावातला दाढीमिशा काढलेला पुरुष! आमच्या तमाशातली मावशी सातासमुद्रापलीकडे भेटली. प्रेक्षकांनी ओरडायचे, खलनायकाला हूट करायचे, हे सगळे ठरलेले. सौ.ला इंग्रजी फारसे कळत नाही, पण तिला भाषेची अडचण आलेली दिसली नाही.

नांगर दारात आणणारी माणसे

हे सगळे भरल्या पोटाचे सण झाले. पण खेड्यांतले जुने सण रिकाम्या पोटातून निघाले आहेत आणि ते आपल्याला जास्त जवळचे वाटतील. ६ जानेवारीनंतरच्या पहिल्या सोमवारी ‘नांगराचा सोमवार’ येई. नाताळची सुट्टी संपून नांगरटीला लागायचा हा दिवस. पण जमीन गोठलेली किंवा चिखलाची, म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे मजुरी नाही. मग पूर्वेकडच्या जिल्ह्यांतले नांगरे तोंडाला काळे फासून, म्हणजे कोणी ओळखू नये म्हणून, सजविलेला नांगर ओढीत घरोघरी फिरत आणि पैसे मागत. कोणी दिले नाहीत तर त्याच्या दारापुढचे अंगण नांगरून टाकीत!

केंब्रिजशर भागात व्हिटलसी या गावी त्याच्या दुसऱ्या दिवशी एका माणसाला आपादमस्तक गव्हाच्या काडात गुंडाळून, अस्वल म्हणून दारोदार नाचवीत. १९०९ च्या सुमारास पोलिसांनी ही भीकच आहे असे ठरवून ते बंद पाडले. १९८० साली गावकऱ्यांनी ते पुन्हा सुरू केले. आता जानेवारीत हजारो लोक मुलांना घेऊन ते काडाचे अस्वल पाहायला जातात आणि शेवटी अस्वलाचा काडाचा अंगरखा जाळतात. ज्याला काल भीक म्हणून हाकलले, त्याला आज उत्सव म्हणून बोलावितात. माझे मत विचाराल तर तोंड काळे करून मागणारा तो नांगऱ्या भिकारी नव्हता. लाज राखून मजुरी मागण्याची ती त्याची युक्ती होती.

आज नांगरे उरले नाहीत. ट्रॅक्टरच्या काचबंद खोलीत एकटा माणूस असतो. म्हातारबाई एकदा सौ.ला म्हणाल्या, “नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत एखाद्या आठवड्यात आमचे हे फक्त जनावरांच्या डॉक्टरशी आणि पेंडीच्या गाडीवाल्याशी बोलतात. माझ्याशीही नाही.” भाषांतर करताना मुलीचा आवाज बदलला होता. तेथेही शेतकरी कर्जाने, एकटेपणाने खचतो आणि कधी जिवाचे बरेवाईट करून घेतो. अडचणीतल्या शेतकरी कुटुंबांना मदत करणारी एक जुनी संस्था तेथे १८६० पासून आहे आणि फोनवर ऐकून घेणारी दुसरी १९९५ पासून. म्हातारबाबांचे दुखणे मला नंतर कळले. बागेतली सफरचंदे खायची नव्हेत. कडू-तुरट, फक्त साइडर नावाचे पेय करण्याजोगी. एका कारखान्याशी त्यांचा दीर्घ मुदतीचा करार होता. पेयाची मागणी घटली, मुदत संपली आणि करार पुन्हा झाला नाही. त्या हंगामात अर्धा माल झाडांखालीच सडला. बाग उपटून टाकावी असे मुलाचे म्हणणे, आणि म्हातारबाबा त्यावर बोलायलाच तयार नाहीत.

सफरचंदाच्या बागेत

हेरफर्ड भागात जानेवारीच्या सुरुवातीला एक जुनी रीत होती. तिच्या अठराव्या शतकातल्या नोंदी आहेत. संध्याकाळी गव्हाच्या शेतात बारा लहान शेकोट्या आणि एक मोठी पेटवीत. मग शेतकरी, गडी, बायका सगळे गोठ्यात जात. मधे भोक असलेला एक मोठा केक घेऊन तो पहिल्या बैलाच्या शिंगात अडकवीत, बैलाच्या नावाने पेला उचलीत आणि मग त्याला गुदगुल्या करून मान झटकायला लावीत. केक मागे पडला तर तो घरधनिणीचा, पुढे पडला तर कारभाऱ्याचा. पोळ्याला बैलाच्या शिंगात कडाकण्या अडकविणारी माणसे आपण. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पुढे घोडे आले, मग ट्रॅक्टर आले आणि शिंगेच गेली, तेव्हा ती रीतही गेली.

मात्र सफरचंदाच्या झाडाचा मान अजून होतो. त्याला वासेल म्हणतात. हा शब्द ‘निरोगी रहा’ अशा अर्थाच्या जुन्या आशीर्वादातून आला आहे. सॉमरसेट आणि डेव्हन भागांतल्या काही गावांत हा सण १७ जानेवारीला करतात. त्याचे कारण गमतीचे आहे. नाताळचा बारावा दिवस ५-६ जानेवारीला येतो. पण १७५२ साली सरकारने पंचांग दुरुस्त करून अकरा दिवस गाळले. शेतकऱ्यांनी म्हटले, पंचांग तुमचे बदलले असेल, झाडांचे बदललेले नाही. आणि ते जुन्याच हिशेबाने सण करीत राहिले.

म्हातारबाईंचे माहेर सॉमरसेटचे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून या बागेत १७ तारखेलाच वासेल होतो. त्या वर्षी म्हातारबाबा नको म्हणत होते. “उपटायची झाडे, त्यांना कसले पाणी पाजता?” बाईंनी ऐकले नाही. त्यांनी गावात चिठ्ठ्या वाटल्या.

आठवडाभर आधी, ११ जानेवारीला, आमच्या लातूरकडे येळवस होती. ज्यांना ही वेळ अमावस्या ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: लातूर, धाराशिव, सोलापूर भागांत मार्गशीर्ष अमावस्येला घरेदारे बंद करून सगळे गाव शेतात जाते. कडब्याची खोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडायची. लग्नानंतर पहिल्यांदाच सौ.ची येळवस चुकली होती. ती दिवसभर गप्प होती.

१७ ला आकाश निरभ्र होते. त्या आठवड्यात उत्तरेकडून गारठा आला होता आणि पारा शून्याखाली गेला होता, त्यामुळे महिनाभराचा चिखल कडक झालेला. वर पौष शुद्ध सप्तमीचा अर्धा चंद्र. साठेक माणसे जमली, निम्मी मुले. हातात टेंभे, डबे, पातेली. बागेतल्या सर्वांत जुन्या झाडाभोवती सगळे उभे राहिले. गरम साइडरचे भांडे मधोमध. मुलांना मसाला घातलेला सफरचंदाचा गरम रस. सौ. आणि नात यांनी रस घेतला. मी काय घेतले हे सांगण्याची येथे जरुरी नाही.

मग भाजलेल्या पावाचा तुकडा साइडरमध्ये बुडवून लहान मुलाने झाडावर ठेवायचा असतो. तो रॉबिन पक्ष्यासाठी. झाडाची राखण करणाऱ्या चांगल्या शक्ती त्याच्या रूपाने येतात अशी समजूत. बाईंनी आमच्या नातीला पुढे केले. ती बुजली. तेव्हा इतका वेळ कुंपणापाशी उभे असलेले म्हातारबाबा पुढे आले आणि त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतले. तिने तुकडा दुबेळक्यात नीट बसविला. मग मुळांवर साइडर ओतले, पातेल्यांचा एकच गजर झाला आणि दोघांनी फांद्यांमधून आकाशाकडे बंदुकीचे बार काढले. वाईट शक्ती पळून जाव्यात म्हणून हा आवाज. त्याने कीड मरते असे मी कृषी पदवीधर म्हणणार नाही. पण म्हातारबाबा टेंभा घेऊन झाडाझाडाशी थांबत होते. हे झाड कोणत्या साली लावले, याची फांदी कोणत्या वादळात मोडली, हे मुलांना सांगत होते. नोव्हेंबरपासून मी त्यांना एवढे बोलताना ऐकले नव्हते.

सौ.ने पदराआडून डबा काढला. संक्रांत दोनच दिवसांपूर्वी, १५ तारखेला झाली होती. तिने प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मुलीकडून वाक्य पाठ करून घेतले होते ते इंग्रजीत म्हटले. शेवटी भांड्यात उरलेला रस तिने ओंजळीत घेतला आणि झाडाच्या बुंध्याभोवती शिंपडला, आंबील शिंपडतात तसा. कोणालाच त्यात काही वेगळे वाटले नाही.

फेब्रुवारीच्या २ तारखेला तेथे मेणबत्त्यांचा सण असतो. त्या दिवशी शेतकऱ्याकडे निम्मी वैरण शिल्लक असली पाहिजे, असा जुना दंडक आहे, कारण हिवाळा तेव्हा कोठे अर्धा सरलेला असतो. आम्ही दोघांनी टेप घेऊन मुरघासाचा ढीग मोजला. लांबी १८ मीटर, रुंदी ६, उंची सरासरी १.२. म्हणजे सुमारे १३० घनमीटर, आणि घनमीटरला ६५० किलो धरले तर ८४ टन. चाळीस गाई, गाईला रोज ३५ किलो, म्हणजे दिवसाला १४०० किलो. हा साठा साठ दिवसांचा. गाई बाहेर सोडायच्या १५ एप्रिलला, म्हणजे आणखी ७३ दिवसांनी. तेरा दिवस कमी! पावसामुळे गाई लवकर आत घ्याव्या लागल्या होत्या, त्याचा हा हिशेब. पाच म्हाताऱ्या गाई विकायच्या आणि उरलेल्यांच्या मुरघासात थोडे थोडे गव्हाचे काड मिसळायचे, असे आम्ही ठरविले. त्यांनी ते आकडे खडूने गोठ्याच्या दारावर लिहिले. परत येताना चर्चच्या आवारात स्नोड्रॉपची पांढरी फुले उगवलेली दिसली. रविवारी ती पाहायला सगळे गाव आले होते.

आम्ही निघालो तेव्हा बागेचा निर्णय झालेला नव्हता. तो पुढे मुलीने फोनवर सांगितला. तीन एकर बाग काढली, तेथे गवत लावले. पाच एकर ठेवली आहे. त्यातला माल जवळच्या एका लहान साइडर करणाऱ्याला देतात, भाव बेताचाच. २०२५ च्या १७ जानेवारीलाही वासेल झाला. नातीला आता कोणी उचलावे लागत नाही, ती शिडी लावून चढली.